पंधरा मिनिटं पुढचा देश

आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला उलट्या पावली मागे यावं लागतं, पण त्याच गल्लीत नेपाळ मात्र आरामात मावला. तीन वर्षं तो आमच्या वरच्या खोलीत राहिला. म्हणजे राहत होती एक मुलगीच, संस्कृत शिकायला आलेली. पण सोबत तिनं आपला देश आणला होता, आणि तो जिन्यावरून रोज खाली माझ्या स्वयंपाकघरात उतरायचा.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. तोंडाची फटकळ आहे, हे मी स्वतःच सांगते, म्हणजे दुसऱ्यांना तसदी नको. पहिल्याच आठवड्यात तिचं ओळखपत्र बघितलं आणि म्हटलं, "अगं, या तारखेनुसार तू अजून जन्मायची आहेस." त्यांचं साल आपल्यापेक्षा सत्तावन्न वर्षं पुढे. सुट्टी शनिवारची. आणि घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. हे पंधरा मिनिटांचं प्रकरण मला काही पचेना. एवढासा तुमचा देश, शेजारी आम्ही एवढे मोठे, जरा जमवून घ्यायला काय जातं, असं मी तिला विचारलं.

"काकू, डोंगर आमचा, सूर्य आमचा, मग वेळ पण आमचीच ना," ती म्हणाली. "इंग्रजांचं राज्य आमच्याकडे आलंच नाही. घड्याळ लावून कोण देणार?" ती हिंदीत बोलायची, मध्येच 'काकू' आणि 'बरं का' पेरायची.  

तिच्या मोबाइलवर भारताची वेळ असायची, पण मनगटावरच्या घड्याळात नेपाळची. ते तिच्या दाइनं, म्हणजे मोठ्या भावानं, आखातात कामाला जाताना दिलेलं होतं. तिच्या गावात म्हणे घरटी एक तरी माणूस असा बाहेर गेलेला. दाइ तिकडे उंच इमारतींना बाहेरून काचा बसवायचा. चार वर्षांत एकदाही घरी आलेला नव्हता. भात खाताना ती घड्याळात बघून सांगायची, आता आईनं गुरांना पाणी दाखवलं असेल, आता रेडिओ लावला असेल.

तिची दिवाळी पाच दिवसांची. एक दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. नरक चतुर्दशीला आम्ही उटणं लावून बसलो होतो आणि ही गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला टिळा लावून, झेंडूची माळ घालून, पुरी खायला घालत होती. एरवी दूधवाल्याची धोतरं फाडणारा तो कुत्रा दिवसभर देवळाच्या पायरीवर माळ सांभाळत बसला. पाडव्याला मी ह्यांना ओवाळते, तेव्हा हेसुद्धा इतके शहाण्यासारखे बसत नाहीत.

आमची भाऊबीज तोच त्यांचा भाईटीका. मला भाऊ नाही. भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राला ओवाळायचं, तसं मी लहानपणापासून ओवाळत आले, आणि त्याबद्दल मी कधी कुरकुर केलेली नाही. तिच्याकडे मात्र थाट मोठा. कपाळावर सात रंगांचा टिका, गळ्यात न सुकणाऱ्या जांभळ्या फुलांची माळ, उंबऱ्यावर फोडायचा अक्रोड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भावाभोवती मोहरीच्या तेलाची अखंड रेघ काढायची. ती ओलांडून यम आत येऊ शकत नाही. रेघ मध्ये तुटली तर उपयोग नाही.

"यम तेलाला घाबरतो होय?" मी विचारलं. "मग आमच्या चौकातल्या कचोरीवाल्याला मरणच नाही."

ती हसली, पण अर्धवटच. त्या दिवाळीत दाइ पंचविसाव्या मजल्याचं काम करत होता. मुहूर्त नेपाळच्या रेडिओवर सांगतात, तो होता त्यांच्या घड्याळानं अकरा पन्नासचा. तिकडे तेव्हा सकाळ, चहाची दहा मिनिटांची सुट्टी. तेवढ्यात त्यानं फोन लावायचा, हिनं पाटावर मोबाइल उभा करून काचेवर टिका लावायचा, भोवती रेघ काढायची. मग फोन खाली कपाटात ठेवून तो वर चढणार. टिका लागल्याशिवाय त्यानं वर चढू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आदल्या दिवशी तिचं घड्याळ बंद पडलं. मी चौकात जातच होते, म्हटलं दे, सेल टाकून आणते. दुकानदारानं सेल घातला, वेळ लावली. मी माझ्या मोबाइलशी ताडून बघितलं आणि दोन मिनिटं मागे आहे म्हणून त्याला झापलंसुद्धा. घड्याळ चुकलेलं मला सहन होत नाही. त्यानं काटा बरोबर बसवला, आणि सकाळी मी ते तिच्या हातात बांधलं. नेपाळ माझ्या डोक्यातच आला नाही.

सकाळपासून ती माझ्या कढईत सेल रोट्या तळत होती. तांदळाच्या पिठाची मोठी कडीच म्हणा ना, आमच्या अनारशाची लांबची बहीण. फोन वर चार्जिंगला लावलेला. पाट मांडला, रंगांच्या वाट्या ठेवल्या, तेलाची वाटी ठेवली. मनगटावर पावणेबारा वाजलेले बघून ती हात धुऊन फोन आणायला वर गेली. पाच मिनिटं हाताशी आहेत, म्हणाली.

ती खाली आली ती फोन माझ्यापुढे धरून. फोनवर त्याचे सात कॉल येऊन गेलेले. शेवटी एक ओळ, चढतोय, संध्याकाळी बोलू. तिनं उलट फोन लावला, तो बंद. मग ती मनगटाकडे बघत राहिली, मोबाइलकडे बघत राहिली. दोन्हीकडे एकच वेळ. म्हणजे नेपाळात बारा वाजून गेले होते. "सेल टाकल्यावर मीच बघायला हवं होतं," ती म्हणाली आणि पाटासमोर बसून रडायला लागली.

तेव्हाच सांगायला हवं होतं मी. वर्गात पोरींना मी किती वेळा सुनावलंय, चूक केलीस तर हात वर कर. पण माझा हात वर गेला नाही. मी म्हटलं, "उठ, रोट्या जळतायत," आणि गॅस बंद केला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुपारी जेवण कुणाला गेलं नाही. हे पंचगंगा घाटावर फिरून आले, म्हणाले, काही होत नाही, रोजच चढतो तो. ते मलाही कळत होतं. संभाव्यता शिकवलीय मी. पण दर पाच मिनिटांनी डोळ्यासमोर तो मुलगा यायचा, काचेला लटकलेला, भोवती रेघ नसलेला. संध्याकाळी बीजेची कोर गच्चीवर दिसली असेल, मावळलीही असेल. ओवाळायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

साडेसातला फोन वाजला. पडद्यावर दाइ, हेल्मेटचा पट्टा अजून हनुवटीखाली, चेहरा धुळीनं माखलेला, आणि हसत होता. ती रडत, हुंदके देत सांगायला लागली, दाइ, चूक माझी, मी घड्याळ बघितलं नाही.

"कसली चूक?" तो म्हणाला. "तुझा फोन वाजत होता तेवढा वेळ मी डोकं वाकवून उभा होतो. मला लागला टिका."

हे ऐकल्यावर मला राहवेना. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि माझ्या मास्तरणी हिंदीत सगळं सांगून टाकलं, सेल, दुकानदार, काटा, सकाळपासूनचं माझं गप्प बसणं. पोरगी माझ्याकडे बघत राहिली.  तिकडे त्यानं हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्यासमोर कपाळ आणलं.

"उशीर तुम्ही केलात काकू, तर टिका पण तुम्हीच लावा. बहिणीचा लागलेला आहे."

पोरीनं डोळे पुसले, फोन पाटावर उभा केला आणि वाट्या माझ्याकडे सरकवल्या. सात रंग मला काही जमले नाहीत, दोन एकमेकांत मिसळले. निरांजन लावून आमच्या पद्धतीनं ओवाळलं. उंबऱ्यावर अक्रोड तिनं फोडला. मग मी मोहरीच्या तेलात बोट बुडवून पाटाभोवती रेघ काढली, आणि कुठे तुटली तर नाही ना, म्हणून वाकून, चष्मा लावून, तीच रेघ परत एकदा काढली.