नेलपॉलिशचा ठिपका
लेक नखं रंगवायला बसली की त्या वासानं मला हमखास बंदूक आठवते. माझ्या लहानपणी एका वर्षी कवठे महांकाळकडच्या आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, आणि भर दुपारी कळपात लांडगा शिरला. फौजेतून निवृत्त झालेले चुलते परवान्याची बाराबोर घेऊन धावले. छर्ऱ्याची आणि गोळीची, दोन्ही काडतुसं खिशात घालून मी त्यांच्या मागं, ज्वारीची धसकटं तुडवत. छर्ऱ्याचं काडतूस उडवलं तर छर्रा फाकतो आणि लांडग्याबरोबर मेंढरांचीही चाळण होते. म्हणून एकच गोळी असलेल्या काडतुसांवर चुलत्यांनी काकूच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. "गोळीचं दे," त्यांनी हात मागं केला. घामेजल्या बोटांनी मी दिलं. तोंडात कोकरू धरून लांडगा थबकला होता. त्याच्या मागंच बिथरलेली मेंढरं, आणि त्यांना आवरायला वाकलेली धनगराची सून. चुलत्यांनी लांडग्यावरची नजर न हलवता काडतूस भरलं आणि नेम धरला. तेवढ्यात म्हाताऱ्या धनगरानं नळी खाली दाबली. "ऱ्हाऊ द्या मेजर. त्येचा वाटा त्येनं घेतला. आमच्यात त्येला मारत न्हाईत." लांडगा ओढ्यात उतरून दिसेनासा झाला. चुलत्यांनी रागानं बंदूक उघडली, काडतूस माझ्या हातावर ठेवलं आणि घराकडं चालू लागले. त्यावर ठिपका नव्हता. ते मी खिशात टाकलं. चुलते वारले, त्यांना कधी सांगितलं नाही. आता लेक बोटं पुढं करून कसं दिसतंय विचारते, तेव्हा मी एकेक नख नीट बघितल्याशिवाय उत्तर देत नाही.