गाड्यापुढची घोडी

घोडी माझ्याकडे आली त्या दिवशी तिला टेम्पोतून उतरवायलाच पाऊण तास गेला. मालक पुढून दोर ओढत होता आणि टेम्पोवाला काठी घेऊन आत तिच्यामागे चढला होता. मागे माणूस आला की तिचे चारही पाय ताठ व्हायचे, कातडी थरथरायची. मी दोघांनाही खाली उतरवलं, दोर सैल सोडला आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. पाच मिनिटांत ती आपली आपण खाली आली.

"बाईमाणसाचं बरोबर ऐकलं," टेम्पोवाला म्हणाला.

"कोणी ढकललं नाही म्हणून आली. टेम्पो काढा आता, मागे कंटेनर अडलाय."

माझी जागा चाकणच्या पुढे दोन गोदामांच्या मध्ये आहे. भाड्याची, पत्र्याचं कुंपण, तीन घोडी मावतील एवढी शेड. त्याआधी अठरा वर्षं मी पिंपरीत एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. कामगारांच्या कंबरा, खांदे, मनगटं बघायची. वडील मोतद्दार होते, दुसऱ्यांच्या घोड्यांची निगा राखायचे, त्यामुळे घोडी लहानपणापासून हाताखालची. माणसांचा कंटाळा आला तेव्हा दोन्ही कामं एकत्र केली. लंगडणारी, चावणारी, अंगावर कोणाला बसू न देणारी घोडी लोक माझ्याकडे आणून टाकतात. काही नीट होतात, काही होत नाहीत.

मालक जवळच्याच गावातला, साठीचा. जमीन कंपन्यांकडे गेली तरी गोठा राखून असलेला.

"खोड लागलीय हिला, ताई," तो म्हणाला. "घाटात मधीच उजवीकडं घुसती."

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात बैलगाड्याच्या शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळवतात. मागे हलका गाडा, त्याला चार बैल, आणि बैलांनी जिच्यामागे सुटायचं ती घोडी स्वारासकट सगळ्यांत पुढे. घाट म्हणजे शर्यतीची चढाची वाट. एका गाड्याची धाव म्हणजे एक बारी, ती काही सेकंदांत संपते. तेवढा वेळ घोडी सरळ गेली पाहिजे. आडवी आली तर बैलांना थांबवणारं कोणी नसतं.

मागच्या हंगामात ही आडवी आली होती. वर मालकाचा मुलगा होता. तो कडेच्या बांबूंवर फेकला गेला, खांद्याचं हाड मोडलं. बैल हातभर अंतरावरून गेले म्हणून वाचला.

"चैतातल्या यात्रेपर्यंत वाट बघतो," मालक म्हणाला. "सरळ पळाली तर माझी. न्हाईतर व्यापारी येऊन गेलाय."

व्यापारी कुठे नेतो हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

पहिला महिना तिच्यावर कोणी बसलं नाही. पाठीच्या कण्याच्या डाव्या अंगाला अंगठा टेकला तरी ती पोट खाली टाकायची. खोगिराचा पट्टा, तंग, आवळायला गेलं की चावायला वळायची. पुढच्या खुरांची टोकं वाढून चपला झाल्या होत्या. दाढेची एक कड गालात रुतत होती. नालबंदाला बोलावून खुरं तीन टप्प्यांत उतरवली, जनावरांच्या डॉक्टरांकडून दाढ कानशीनं घासून घेतली. जुनं खोगीर डावीकडे बसकं होतं, ते फेकून दिलं. गुळाचा भरडा बंद केला, कडबा आणि लसूणघास सुरू केला. रोज सकाळी पाठीवर गरम फडकी, मग जमिनीवर आडव्या टाकलेल्या पाइपांवरून सावकाश चालणं, मग मागची टेकडी चढणं-उतरणं.

मागून येणाऱ्या आवाजाचं काम सगळ्यांत लांबलं. एका रिकाम्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये मूठभर खडी घातली आणि तो दोरीनं ओढत मी तिच्यामागे चालायची. आधी पन्नास पावलांवरून, मग चाळीस. शेजारच्या गोदामात कंटेनर मागे घेताना भोंगा वाजायचा, तोही कामाला आला. माघ संपेपर्यंत ड्रम तिच्या शेपटीमागे खडखडला तरी ती कान फिरवून चालत राहायची.

मग मी बसले. चाल, दुडकी, शेवटी टेकडीच्या चढावर चौखूर. बाणासारखी सरळ. मालकाला फोन केला, मुलाला पाठवा.

मुलगा सव्वीसचा, चाकणमधल्या एका कंपनीत कंत्राटी. पहिली शिफ्ट सुटली की बाइकवर यायचा. या घोडीवर त्यानं कधी दुसऱ्याला बसू दिलं नव्हतं.

"ए राणीसाहेब, ओळख आहे का?" म्हणत त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. तीही त्याच्या खांद्याला तोंड घासत राहिली. मला वाटलं, झालं काम.

चढावर त्यानं तिला सोडलं आणि अर्ध्या वाटेवर ती उजवीकडे सरकली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

इथे माझी चूक झाली. मी ठरवून टाकलं की त्याच्या वजनाबरोबर तिला घाट आठवतो, बैल आठवतात. म्हणजे भीती अजून बाकी आहे. आणखी तीन आठवडे मी तिच्यामागे ड्रम, पत्रे, ताडपत्र्या ओढत फिरले. ती सगळं सहन करायची, माझ्याखाली सरळ पळायची आणि त्याच्याखाली उजवीकडे जायची. यात्रा आठ दिवसांवर आली. मालक दिवसाआड फोन करून एकच विचारायचा, "फिट हाय का न्हाई, तेवढं सांगा."

त्या शनिवारी मुलानं दोन फेऱ्या मारल्या. मी खोगीर उतरवलं आणि तिच्या पाठीकडे बघत राहिले. सगळी पाठ घामानं ओली, फक्त डाव्या अंगाला तळहाताएवढा कोरडा डाग. जिथे दाब सतत बसतो तिथे घाम सुटत नाही. ती आली तेव्हा दुखत होतं ती हीच जागा. मी बसले की असा डाग पडत नव्हता, आणि खोगीर तेच होतं.

"इकडे ये," मी मुलाला म्हटलं. "बूट काढ. टाचांवर चालून दाखव."

"कशाला, मॅडम? घोडीचं काय ते बघा ना."

"चाल."

चार पावलांत उजवा पाय फटकन खाली आपटला. चवडा वर राहतच नव्हता. वाकायला सांगितलं तर गुडघ्यांपर्यंत हात पोचेनात. अठरा वर्षं मी हेच बघत आले होते आणि चार महिने मी घोडीच्या चार पायांकडे बघत होते, वर बसलेल्याच्या दोन पायांकडे नाही.

"कधीपासून?"

"असतं थोडं. कामावर दिवसभर उजवीकडच्या ट्रॉलीतून लोखंडी जॉब उचलायचा, वळून मशिनवर लावायचा. सगळ्यांचीच कंबर धरते."

"पाय बधिर होतो?"

त्यानं बूट उचलला. "कधीकधी रिकीब लागत नाही पायाला. आहे का नाही तेच कळत नाही."

रिकिबीत टेकलेला उजवा पाय त्याला कळत नव्हता, म्हणून तो सगळी पकड डाव्या पायानं धरत होता. वेग वाढला की डावी टाच तिच्या कुशीत रुतायची. डाव्या टाचेचा अर्थ घोडीला एकच शिकवलेला असतो, उजवीकडे हो. मागच्या हंगामात, बैल पाठीवर असताना, तिनं टाचेनं सांगितलेलंच ऐकलं होतं.

"कंबरेत नस दाबली गेली आहे," मी म्हटलं. "उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. आणि यात्रेत बसायचं नाही."

"सुट्टी टाकली तर ब्रेक देतील, घरी बसवतील. पुढच्या महिन्यात पर्मनंटची यादी लागतेय, मॅडम."

"आणि बैलांखाली गेलास तर?"

"नाही बसत. शप्पथ. आबांना मीच सांगतो काहीतरी. तुम्ही नका बोलू त्यांना, पाया पडतो."

मी बरं म्हटलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसंच झालं. दवाखान्यातही माणसं अशीच हात जोडायची, मॅडम, फिट लिहा, ओव्हरटाइम जातो. माझा कागद बघून डॉक्टर सही करायचे, आणि मी बऱ्याचदा त्या माणसांना हवं ते लिहिलेलं आहे. मालकाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, घोडी तयार आहे. ते खरंच होतं. पुढचं बोलले नाही.

यात्रेच्या दिवशी घोडीबरोबर मीही गेले, तिच्या पायांना पट्ट्या बांधायच्या होत्या. घाटावर बायका अशा चार-दोनच, त्याही कडेच्या गाडीत बसून. ऊन कडक होतं, धुळीनं तोंडं पांढरी झाली होती. भोंग्यावरचा निवेदक एकेका बारीला आरोळी ठोकत होता. मी घोडीचं मागचं खूर तपासून उठले, तर मुलगा खोगिरावर बसलेला. कपाळाला गुलाल, डोळे समोर.

मी लगाम धरला.

"खाली उतर."

"मॅडम, सोडा. एकच बारी."

"तू शब्द दिला होतास."

"सगळं गाव बघतंय. सोडा ना."

खाली बैल जुंपले जात होते. दोन माणसं जोखडाला लोंबकळून त्यांना धरून होती. भोंग्यावरून आमच्या गाड्याचा पुकारा झाला.

"ओ बाई, लगाम सोडा की!" कोणीतरी ओरडलं. "बारी आलीय, लग्नाची वरात न्हाई ही!"

"दवाखान्यातनं आणलीय ना घोडी," दुसरा म्हणाला. "डिस्चार्ज राहिला असंल, राव."

हशा झाला. मालक धोतराचा सोगा सावरत धावत आला. "काय झालं, ताई? लंगडती का?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. मुलगा उतरला असता, त्याची गोष्ट झाकली गेली असती आणि सोमवारी व्यापारी आला असता. घोडीकडे बघून खोटं बोलणं मला जमलं नाही, आणि पोराकडे बघून गप्प बसणंही.

"घोडीला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "हा बसू शकत नाही."

"म्हंजे?"

"कायतरीच, आबा!" मुलगा ओरडला. "यांना घोडी सोडवत नाही. बाजूला व्हा, मॅडम!" त्यानं घोडीला पुढे काढलं. ती उजवीकडे सरकली आणि तिचा खांदा माझ्या छातीवर आदळला. मी मागे रेटली गेले, पण लगाम सोडला नाही.

"तिच्याकडे नका बघू," मी मालकाला म्हटलं. "त्याच्या डाव्या टाचेकडे बघा."

मुलानं पुन्हा टाच मारली, पुन्हा घोडी उजवीकडे आली. मालकानं जन्मभर जनावरं बघितलेली. त्याची नजर टाचेवर गेली, मग पलीकडच्या रिकिबीकडे. तिथे उजवा पाय पोतं टांगल्यासारखा लोंबत होता.

"उतर," तो म्हणाला.

"आबा..."

"उतर म्हणतो ना!"

मुलगा उतरला. उजवा पाय जमिनीला टेकला तसा गुडघा दुमडला. त्यानं खोगीर धरलं म्हणून पडला नाही. जवळच्यांना वाटलं घाईत तोल गेला. हसलंच कोणीतरी.

भोंगा दुसऱ्यांदा पुकारत होता. नुकतीच दुसऱ्या गाड्याची बारी मारून आलेला एक स्वार पाणी पीत उभा होता, चाळिशीचा, काटक. मालकानं त्याला हाताला धरून आणलं. त्यानं घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हीच ना ती, आडवी येणारी?"

"टाचा लावू नका," मी म्हटलं. "नुसतं सैल बसा. ती जाईल."

"बायको हाय मला, बाई."

"म्हणूनच सांगते, टाचा लावू नका."

तो चढला. मी तंग आणखी एक भोक आवळला आणि लगाम सोडला. ती आडवी गेली असती तर तो माणूस माझ्या शब्दावर मेला असता. बैल सुटले. आरोळी उठली, धूळ उठली. धुळीच्या पुढे मला तिची मान दिसत होती आणि मी तेवढंच बघत होते. अर्धी वाट आली, जिथे ती सरकायची ती. मान सरळच राहिली. ती वरच्या टोकाला पोचली, बैल तिच्या मागोमाग गेले आणि लोकांनी फेटे उडवले.

किती सेकंद झाले ते मी ऐकलं नाही. वर जाऊन आधी तिचे पाय दाबून बघितले. गरम होते, पण सूज नव्हती. पळालेल्या घोडीला लगेच उभं करायचं नसतं, श्वास बसेपर्यंत फिरवावं लागतं. स्वाराच्या हातातून दोर मुलानंच घेतला. माझ्याकडे न बघता तो तिला कडेच्या मोकळ्या रानात फिरवायला लागला.

मालक माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, गुलाल लावत होते, तो मान हलवत होता. त्याचं लक्ष रानाकडे होतं. घोडी चारही पायांवर एकसारखी चालत होती. तिच्याशेजारी मुलगा उजवं पाऊल प्रत्येक वेळी जरा उंच उचलून टाकत होता, ढेकळात अडकू नये म्हणून.

"ह्यो कधीपास्नं असा चालतोय?" मालकानं विचारलं.

"आठ दिवस मला माहीत होतं," मी म्हटलं. "त्याच्या आधीचं त्यालाच विचारा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिवी आली असती तर बरं झालं असतं. तो रानात उतरला. मीही मागे गेले. त्यानं मुलाच्या हातातून दोर काढून घेतला.

"दे इकडं. मी फिरवतो. तू बस तिथं बांधावर."

मुलगा उभाच राहिला. आधी बापाकडे, मग घोडीकडे बघत.

"बस म्हणतो ना, लेका."

"बसलं की जास्त दुखतं, आबा," तो म्हणाला.