यादीत नसलेल्या गल्लीच्या आक्का

श्रीमती शकुंतला कांबळे यांच्या आणि माझ्या पहिल्या भेटीत मी त्यांना नकार दिला होता. गौरवग्रंथासाठी लिहिताना हे आधीच सांगून टाकलेले बरे. तेव्हा मी बेळगावात कर अधिकारी होतो आणि त्या करसल्लागार. आज त्या साठ वर्षांच्या होत असताना निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळे त्यांना ‘आक्का’ म्हणतात. मी मात्र तसे म्हणायला उशिरा शिकलो.

त्या वर्षी नद्यांना मोठा पूर आला होता. पूरग्रस्त गावांतल्या व्यावसायिकांना विवरणपत्रे भरण्यासाठी मुदत वाढवून मिळाली आणि गावांची यादी निघाली. चिकोडी-निपाणीकडची नदीकाठची गावे तीत होती. बेळगावच्या वडगाव भागातली विणकरांची एक गल्ली मात्र नव्हती, कारण तिथे नदीचे नव्हे, नाल्याचे पाणी शिरले होते. त्या गल्लीतल्या अकरा यंत्रमागवाल्यांची विवरणपत्रे राहून गेली आणि त्यांची करनोंदणी रद्द झाली. ती परत मिळवण्याची मुदतही टळली. नोंदणी नाही म्हटल्यावर खडेबाजारातले व्यापारी साड्या घेईनात.

या अकरा जणांचे अर्ज घेऊन आक्का माझ्यासमोर बसल्या. मी म्हणालो, ‘‘यादीत नाव नाही. माझ्या हातात काही नाही.’’

‘‘आहे, साहेब,’’ त्या शांतपणे म्हणाल्या आणि नियमांचे पुस्तक उघडून माझ्याकडे सरकवले. ‘‘सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार तुम्हाला आहे. यादी त्याच्या आड येत नाही.’’

ते कलम मला ठाऊक होते. पण उभ्या नोकरीत मी ते एकदाही वापरले नव्हते. वापरायचे तर सही करावी लागते, आणि उद्या कोणी विचारले तर उत्तर द्यावे लागते. म्हणून मी पुरावा मागितला.

‘‘त्यांची कागदपत्रं पाण्यात गेली. गल्ली तेवढी जागेवर आहे. बघायला येता काय?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. शंकराप्पा नावाचे वयस्कर विणकर आम्हाला आत घेऊन गेले. सहा माग पुसून, तेलपाणी करून उभे होते. भिंतीवर चिखलाची रेघ होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो, तर ती माझ्या छातीला लागत होती.

‘‘तारीख कळली नव्हती का?’’ मी विचारले.

‘‘पोरीच्या फोनवर मेसेज येतोय म्हणत्यात,’’ शंकराप्पा म्हणाले. ‘‘पण तवा फोनबी पाण्यातच हुता, साहेब. आता माग चालू हाईत, पर माल कोण घेत न्हाय. बसा, च्या घ्या.’’

आक्का दाराशी उभ्या होत्या. बोलल्या असत्या तर कदाचित मी वाद घातला असता.

त्यांनी प्रत्येक घराची छायाचित्रे काढून ठेवली होती आणि शेजाऱ्यांचे जबाब कन्नडमध्ये लिहून घेतले होते. त्या आधारावर मी अकरा आदेश लिहिले. वरिष्ठांनी एकदा विचारणा केली. मी आक्कांचे कागद पुढे ठेवले, तेव्हा दुसरा प्रश्न आला नाही. अकराही जणांची नोंदणी परत मिळाली आणि गल्लीतून पुन्हा साड्या बाजारात जाऊ लागल्या.

त्या अकरा अर्जांत बारावे नाव घालता आले असते, हे मला पुढे आक्कांच्या धाकट्या भावाने स्वतःच हसत सांगितले. त्यांचे निपाणीत दुकान आहे आणि त्यांचीही मुदत त्याच वर्षी चुकली होती. ते म्हणाले होते, ‘‘आक्का, माझंबी नाव घाल की गं.’’

‘‘तुझ्या दुकानात पाणी आलतं व्हय?’’

‘‘न्हाय, पर रस्त्यावर आलतं.’’

‘‘मग दंड भर.’’ भावाने दंड भरला. त्या दिवाळीला भाऊबीज मात्र नेहमीसारखीच झाली.

आक्कांच्या आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. सरकारी कागद घरी आला की तो वाचून घ्यायला त्यांना कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागे. म्हणून आक्का आजही प्रत्येक नोटीस समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवतात आणि मगच पेन उचलतात. मी निवृत्तीनंतर त्यांच्या कार्यालयात बसू लागलो, तेव्हा हे त्यांनीच मला शिकवले. सरकारी नोकरीत ते मला कोणी शिकवले नव्हते.

माझी पत्नी गेली त्या वर्षीची गोष्ट. महिन्याभराने आक्का जेवणाचा डबा घेऊन घरी आल्या. मी जेवेपर्यंत थांबल्या आणि मग हळूच म्हणाल्या, ‘‘साहेब, तुमचं विवरणपत्र राहिलंय काय?’’ आयुष्यभर दुसऱ्यांना तारखा विचारणाऱ्या मला त्या दिवशीची तारीखही सांगता आली नाही. त्यांनी माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून ते भरले, सगळे मला वाचून दाखवले, आणि जाताना भांडी घासून ठेवली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा आक्का म्हणालो. वयाने मी त्यांच्याहून मोठा आहे.

हल्ली कार्यालयाचा जिना चढताना आक्कांचे गुडघे दुखतात. त्या सांगत नाहीत, पण दुसऱ्या मजल्यावर पोहोचल्या की क्षणभर कठडा धरतात. त्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळ्यांना बारीक अक्षरे दिसत राहोत आणि अजून कितीतरी वर्षे घाबरून आलेल्या माणसाला त्यांच्या समोरची खुर्ची मिळत राहो. आणि आक्का, अधूनमधून आपणही नोटिसांचा गठ्ठा बाजूला सारून आमच्यासोबत निवांत चहाला बसावे, एवढे एक मागणे आहे.