चकतीतली वाट

योगिनी मूळची कळवणची. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवते, आणि तास संपले की कॉम्प्युटरवर वीजरोधक पदार्थ फोडत बसते.

म्हणजे पडद्यावर चौकोनांची जाळी मांडायची, सगळे चौकोन प्लास्टिकचे. मग त्यातले वाटेल ते चौकोन धातूचे करत जायचं. बराच वेळ काहीच होत नाही. धातूची बेटं वाढतात, पण सुटीसुटी राहतात. आणि अचानक थोड्याशा भरीने या काठापासून त्या काठापर्यंत सलग वाट जुळते. आतापर्यंत वीज अडवणारा पदार्थ तिला जाऊ देतो. तो क्षण आला की योगिनी खुर्चीतून उठून उभी राहायची.

तिच्या मॉडेलप्रमाणे निम्म्याहून बरेच जास्त कण धातूचे झाल्याशिवाय वाट जुळणार नव्हती. ते खरं करून पाहायला तिची सहकारी उज्वला हिने प्लास्टिकचे आणि धातूचे सारखेच बारीक कण मिसळून, दाबून चकत्या केल्या. पहिल्या चकतीत धातू निम्म्याहूनही कमी होता. ती टिकायला हवी होती. उज्वलाने व्होल्टेज वाढवायला घेतलं तोच आत तडतड झाली, मीटरचा काटा टोकाला गेला आणि जळका वास सुटला.

"तुझं गणित चुकलं की माझी चकती?"

"काप ती. आत बघू."

त्यांनी चकतीचे पातळ काप काढले. एका कापात जळल्याची काळी रेघ दिसली, पण ती मध्येच संपली होती. पुढच्या कापात ती भलतीकडेच उगवली.

"अगं, ही इथून गेली कुठे?" उज्वला म्हणाली.

"खाली." योगिनी एकदम थांबली. "उज्वला, मी तिला खाली जाऊच दिलं नव्हतं."

तिचं मॉडेल सपाट होतं. सपाट जाळीत वाट अडली की अडलीच. चकतीला मात्र जाडी असते, तिथे वाट वरून वळसा घेते, खालून निघते. जेवायचं विसरून योगिनीने थरांचं नवं मॉडेल लिहायला घेतलं. उत्तर आलं, वाट जुळायला एक तृतीयांशाहून किंचित कमी धातू पुरे. त्या खुणेच्या जवळ जाऊ तशी पदार्थाची व्होल्टेज सोसायची ताकद घसरत जाणार, हेही त्यात दिसलं.

नव्या चकत्या तयार झाल्या. चौथा हिस्सा धातूच्या चकतीने सुरुवातीला वीज अडवली, पण साध्या प्लास्टिकपेक्षा खूप कमी व्होल्टेजला ती फुटली. थोड्या जास्त धातूची पुढची त्याहून लवकर. आणि एक तृतीयांश धातूच्या चकतीने वीज अडवलीच नाही. उज्वलाने योगिनीला मिठी मारली.

योगिनीने लगेच आईला फोन लावला.

"आई, जुळलं!"

"काय जुळलं?" कुसाबाईंनी सावधपणे विचारलं. "मुलगा कुठला हाय?"

योगिनी हसता हसता खालीच बसली. मग तिने सगळं समजावून सांगितलं. कुसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् ते कण गोल नसून काड्यांसारखे लांब असले तर?"

"तर लय लवकर जुळेल, आई." बोलता बोलता योगिनीने लॅपटॉप पुढे ओढला. "किती लवकर, तेच आता बघते."