मोबाइल शिपायाचा, हुकूम माझा

ती घटना आठवली की आजही हातातला घास हातातच राहतो. फोटो काढणारे मोबाइल तेव्हा नुकतेच शिपायांच्या खिशात आले होते आणि मी महाड भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

तुडीलजवळ सावित्रीच्या पात्रात एका म्हाताऱ्याचा मृतदेह मिळाला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, पण ओळख पटली नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईहून एका तरुणाचा फोन आला. तो पोलादपूरकडच्या एका वाडीतला.

"साहेब, माझे बाबा चार दिस घरी नाय. आन त्यांचा फोटो इंटरनेटवर हाय. खाली लिवलंय, आणखी एक बेवडा बुडाला."

बाप गेल्याचं त्याला असं कळलं. म्हातारा माळकरी होता, दारूला कधी शिवला नव्हता. शवविच्छेदनातही दारूचा अंश निघाला नाही.

मी आधी बघ्यांमधल्या एका फोटोवाल्याला उचलून आणलं आणि दोन तास फैलावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मग सायबर कॅफेत बसून फोटो नीट पाहिला. तो पाण्याच्या बाजूने काढलेला होता. बघ्यांना आम्ही काठावर थोपवलं होतं. पाण्याच्या बाजूला फक्त आम्ही होतो.

पंचनाम्याच्या वेळी माझ्यासोबत पाण्यात उतरलेल्या शिपायाला बोलावलं. त्याने काही लपवलं नाही.

"साहेब, मोबाइल माझा. ड्युटी सुटल्यावर मित्रांसाठी टाकलाय. त्यात ठाण्याचं काय?"

इंटरनेटवरून फोटो काढून टाकायला लावला. पण वाडीत कुजबुज पसरली होती. भजनी मंडळी दहाव्याला यायला कां-कू करू लागली. म्हातारीला एवढंच हवं होतं, की नवरा पीत नव्हता हे ठाण्याने लिहून द्यावं.

फोटोखालचा मजकूर खोटा म्हटलं की चूक ठाण्याच्या गळ्यात येणार, या भीतीने मी लिहून दिलं, 'सदर मजकूर कर्मचाऱ्याचा वैयक्तिक असून ठाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.' मुलाने ते आईला वाचून दाखवलं.

"ह्यात माजा मानूस पीत नव्हता, असं कुटं हाय?" तिने विचारलं.

चौकशी संपली की देऊ, असं मी म्हणालो. चौकशीत शिपायाला शिक्षा झाली. पंचनाम्याच्या वेळी ठाण्याचा कॅमेरा बंद होता आणि 'फोटो तुझ्याच मोबाइलवर काढ' असं मीच त्याला सांगितलं होतं. ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आपल्या हुकमातल्या माणसाचं कृत्य 'खासगी' म्हणून हात झटकणं किती सोपं असतं, हे मी तेव्हा शिकलो. त्याची लाज अजून वाटते.

वर्ष उलटल्यावर हवं तसं पत्र घेऊन मी स्वतः वाडीवर गेलो. म्हातारीने ते हातात घेतलं नाही.

"दहाव्याला चारच मानसं आली, साहेब," ती म्हणाली. "आता ह्ये कुनाला दावू?"