पुढचं डावं चाक

आधीच सांगते, मी यातलं काहीही मानत नाही. शिरपूरच्या पुढे हायवेला आमचं टायरचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मीच चालवते. शटरला लिंबू-मिरची बांधत नाही, अमावस्येला दुकान बंद ठेवत नाही. बाईच्या हातून ट्रकचं चाक बसवून घ्यायला लोक कचरायचे, तेव्हाही कधी अंगारा लावला नाही. त्यामुळे खाली कमेंटमध्ये 'ताई घाबरल्या असतील' असं कोणी लिहू नका. मी घाबरले नव्हते... चिडले होते.

गेल्या जानेवारीत पुण्याचं एक जोडपं आलं. दोघंही साठीच्या पुढचे. जुन्या फोर-बाय-फोर ट्रकवर त्यांनी राहायची खोली बांधून घेतली होती – पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं. बिजासन घाट चढून थेट स्पितीपर्यंत जायचं होतं. गाडी मॅडम चालवायच्या, साहेब नकाशा बघायचे.

टायर दिसायला नवेकोरे, नक्षीही खोल. पण बाजूवरचा तारखेचा आकडा वाचला तर आठ वर्षांचे! रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या. म्हटलं, "मॅडम, एवढ्या भरल्या गाडीला हे घाटात दगा देतील." त्यांनी ऐकलं. नवे मागवले, मी बसवले, गाडी काट्यावर नेऊन वजनाप्रमाणे हवा ठरवली. मग सांगितलं, पिंपळनेरपर्यंत चालवून या, नट पुन्हा आवळून देते, त्यानंतरच घाट.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. गाडी रात्रभर आमच्याच आवारात उभी होती. सकाळी साडेसातला मी पाना घेऊन गेले. कडाक्याची थंडी, गाडीवरून दव ठिबकत होतं. माझी एक सवय आहे – प्रत्येक चाकाला उघडा तळवा लावून बघायचा. ब्रेक धरत असेल तर चाक तापतं, हाताला कळतं. उभ्या गाडीला काय कळणार म्हणा, पण सवय ती सवय.

तीन चाकं बर्फासारखी. पुढच्या डाव्या चाकाच्या डिस्कवर, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या लोखंडी चकतीवर, हात ठेवला आणि किंचाळलेच. तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखं भाजलं!

शेजारच्या गॅरेजचे नाना धावत आले. त्यांनी हात लावला. "थंड शे ना वं माय!" साहेबांनी लावला, मॅडमनी लावला. थंड. डिस्कवरचं दवसुद्धा तसंच होतं, फक्त आमच्या बोटांचे ठसे उमटलेले. मी हट्टाने डावा हात ठेवला. तोही भाजला.

"तुले बरं नही, घर जाय," नाना म्हणाले.

साहेब घड्याळ बघत होते. "ताई, नट घट्ट आहेत ना?"

"आहेत. पण हे चाक उतरवून बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"कारण काय?"

"कारण माझ्याकडे नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. मॅडमनी मात्र क्षणभर माझ्या लालबुंद तळव्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उतरवा."

चाक उतरवलं. टायरमध्ये काही नाही. बेअरिंग ठीक, ब्रेक मोकळा. मग डिस्कला डिझेल लावून, पुसून, वरून खडू घासला – भेग असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूवर उमटतं. थोडा वेळ काहीच नाही. मग पांढऱ्यावर एक काळी रेघ हळूहळू वर आली... बोल्टच्या एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत! जुनी भेग, त्यावर रंग मारलेला. टायर बसवताना हीच डिस्क मी ब्रशने साफ केली होती. तेव्हा मला दिसली नव्हती. चूक माझी, लपवत नाही.

"घाटात काय झालं असतं?" मॅडमनी विचारलं.

"चाक निघून गेलं असतं."

त्यांनी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा केला. दुसरी डिस्क मिळेपर्यंत दोन दिवस ते इथेच राहिले. पुढे सुखरूप स्पितीला पोचले, फोनही आला.

डॉक्टरांनी माझे दोन्ही तळवे बघितले. फोड आले होते. "स्वयंपाक करताना?"

"नाही, चाकाला हात लावून."

"तापलं असेल."

"थंड होतं, डॉक्टर. तीन जणांनी हात लावून बघितलं."

त्यांनी मलम लिहून दिलं.

नाना गावभर सांगत सुटले, "तिना नवराच उना व्हता, त्यानीच वाचाडं." बायका हात जोडायला लागल्या. मी नानांना स्पष्ट सांगितलं – तो आला असता तर त्याने हाक मारली असती. मला भाजलं नसतं. जिवंतपणी त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, मेल्यावर फोड कशाला आणेल?

मग काय होतं? माहीत नाही. ऊन नव्हतं, वीज नव्हती, इंजिन थंड होतं. तेव्हापासून शेकडो चाकांना हात लावला, पुन्हा तसं घडलं नाही. पण उत्तर नाही म्हणून मी काहीही मानून घेणार नाही.

एका सकाळी बघते तर नानांनी त्या जुन्या डिस्कला झेंडूचा हार घातलेला. मी हार काढला. कोणी पुन्हा रंग मारून ती विकू नये म्हणून गॅसकटर आणला. कापण्याआधी दोन्ही तळवे तिच्यावर टेकवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

गार होती. मग कापली.