गंगूच्या मुठीसाठी साक्रीपर्यंत

आधी आली ती शेजारची भागाबाई, आणि ती पाणी न पिताच बोलायला लागली. देवपूरच्या लग्नात तिला साक्रीकडच्या बाया भेटल्या होत्या. त्यांच्या तोंडून तिनं ऐकलं की आमच्या गंगूला, म्हणजे माझ्या लेकाच्या लेकीला, सासरी बियाण्याला हात लावू देत नाहीत. तिच्या हातानं म्हणे ज्वारी जळाली. मला तर आखाजीपासूनच, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासूनच, संशय होता. गावात सगळ्यांच्या लेकी आल्या, झोके बांधले, गाणी झाली, आमची तेवढी आली नाही. निरोप काय, तर घरात काम आहे. आखाजीला कसलं आलंय काम?

मी दिरांना म्हटलं, "आबा, गाडी जुंपा."

"वयनी, साक्री काय जळगावचा बजार हाये?"

"नसू द्या. जुंपा."

कोणाला त्या बाजूला जायचं असेल तर रस्ता सांगून ठेवते. असोद्याहून बैलगाडीनं जळगाव, तिथून आगगाडीनं चाळीसगाव, आणि गाडी बदलून धुळे. चाळीसगावला बराच वेळ बसावं लागतं, म्हणून कळण्याची भाकरी आणि ठेचा बरोबर घ्या. स्टेशनावरच्या भज्यांच्या तेलाचा रंग मला काही बरा वाटला नाही. तिकिटाचे किती पडले ते आबांनी मला सांगितलं नाही, म्हणजे कमी नसणार. मुक्काम धुळ्यातच, देवपूरला मावसबहिणीकडे केला. पांझरा नदीत पाणी थोडं आणि धुणीच जास्त. बहिणीनं भरीत केलं, छान केलं, पण वांगी आपल्या बाजूची नव्हेत हे पहिल्या घासाला कळलं. तिला बोलले नाही.

धुळ्याहून पुढं मोटार. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं त्या ड्रायव्हरला कधी वाटतच नाही. डोक्यावर पदर, तोंडावर पदर, तरी दातांत धूळ. पण खरं सांगते, मला फार मजा आली. झाडं मागं पळतात, डोंगर मात्र आपल्याबरोबर चालतो. साक्रीच्या अलीकडं उतरलो आणि शेतांतून पायी गंगूच्या गावी पोचलो.

विहीणबाईंनी गूळपाणी दिलं, पाट मांडला, पंख्यानं वारा घातला. एवढं गोड वागणं म्हणजे काहीतरी झाकायचं असणारच. गंगू दाराआड उभी होती, नजर खाली. मी सरळ विचारलं.

"काय सांगू अक्का," विहीणबाई म्हणाल्या, "मूठ हिनी धरी, आनि बठ्ठी जवारी काळी व्हयनी. हिना हात जळेल शे." जळका म्हणे हात!

त्यांच्याकडची रीत अशी, की पेरणीची पहिली मूठ नव्या सुनेनं धरायची. मागच्या साली गंगूनं धरली. कणसं आली ती दाण्याच्या जागी काळी भुकटी घेऊन. आता यंदाची मूठ धाकट्या सुनेला द्यायचं ठरत होतं. मूठ काढून घेतलेल्या सुनेची पुढं घरात काय किंमत राहते, हे बायकांना मी काय सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून शेतकी खात्याचे साहेब आले, पेरणीआधी ते गावोगाव फिरत होते. कोट स्वच्छ, बुटाला चिखल नाही. हे कसले शेतकी, असं मला वाटलं. वडाखाली माणसं जमली, बाया मागं बसल्या. साहेब म्हणाले, "ही काणी. ही एक बुरशी आहे. अशा काळ्या भुकटीच्या बुरशींचं शास्त्रात एक घराणंच आहे, उस्टिलाजिनेलीज. मूळ शब्दाचा अर्थ जळणं. कणीस जळाल्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव."

"दखा!" विहीणबाई उठूनच उभ्या राहिल्या. "साहेब बी तेच सांगस. जळेल!"

हा कोटवाला आमच्या पोरीचा घात करून जाणार, दुसरं काय! पण गप्प बसणं माझ्या कुंडलीत नाही. मी विचारलं, "साहेब, गव्हावरच्या तांबेऱ्यालाही हेच नाव?"

"नाही. तांबेऱ्याचं घराणं वेगळं. हे नाव फक्त काण्यांचं. ज्वारीची, बाजरीची, उसाची."

"आणि हे नाव ठेवलं कधी?"

"फार जुनं आहे आजी. तुमच्या-माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं."

"मंग इहीनबाई," मी म्हटलं, "तवा माह्या गंगूचा हात कुठी होता व?"

माणसं हसली. आबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. मग साहेबांनी त्यांच्याच कणगीतलं बियाणं मागवलं आणि पांढऱ्या रुमालात चोळलं. रुमाल काजळासारखा काळा. म्हणाले, खळ्यावर काणीची कणसं चांगल्यांबरोबर मळली की भुकटी सगळ्या दाण्यांना चिकटते आणि पेरली की पुन्हा उगवते.

त्या घरात शेतातलं एक कणीसही टाकत नाहीत, शेतानं दिलं ती लक्ष्मी म्हणून. काळी कणसंही त्याच खळ्यावर. विहीणबाई रुमालाकडे बघत राहिल्या. ती कणगी दर साली त्याच भरतात.

ती भुकटी मारायला साहेबांनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बियाणं बुडवून सावलीत वाळवायला सांगितलं. मला त्या निळ्या पाण्याचाही भरवसा वाटेना. मी कोंबड्या कोंडून घ्यायला लावल्या, ते पातेलं स्वयंपाकघरात आणू नका म्हणून बजावलं.

संध्याकाळी विहीणबाईच म्हणाल्या, "अर्धा वावरमा निळी जवारी, हिनी मूठ. अर्धामा आमनी जुनी, मनी मूठ. मंग दखू." म्हणजे अर्ध्यात गंगूची मूठ, अर्ध्यात त्यांची स्वतःची.

गंगूनं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं.

आता घरी आलेय. भागाबाई विचारते, साक्री कशी आहे? साक्री चांगली आहे, डोंगर चांगले आहेत, मोटार हाडं खिळखिळी करते. साहेबाचं ते लांबलचक नाव मी येताना गाडीत घोकत आले. आबा म्हणतात मी चुकीचं म्हणते. म्हणू देत. निळ्या पाण्याचा संशय अजून गेला नाही, विहीणबाईंचा तर नाहीच. पण निघताना त्यांनी माझ्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाल्या, गंगूला घेऊन स्वतः येते, वावराच्या दोन्ही अर्ध्यांतली कणसं बरोबर आणते, तुमच्या अंगणात चोळून बघू.

दिवस त्यांनीच सांगितला, तुळशीच्या लग्नाचा. मी पांढरा रुमाल धुऊन ठेवलाय.